साहेब किती दिवस आहेत?

महाराष्ट्रात एखाद्या शहराचा कारभार सुधारला की त्याचे श्रेय आयुक्ताच्या स्वभावाला दिले जाते, आणि बिघडला की खापरही त्याच्याच डोक्यावर फुटते. नव्वदच्या दशकात टी. चंद्रशेखर यांनी ठाण्यातले रस्ते रुंद केले, मुंबईत उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवला, आणि तेव्हापासून 'धडाकेबाज अधिकारी' हे पात्र मराठी वर्तमानपत्रांत कायमचे मुक्कामाला आले. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके हीच गोष्ट जरा जड भाषेत सांगतात: नेतृत्वाची शैली बदला, कर्मचाऱ्यांची कामगिरी बदलेल. हे कितपत खरे आहे, ते तपासायला कल्याणपलीकडच्या तीन गावांइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एकाच नदीच्या खोऱ्यात, एकाच रेल्वेमार्गाच्या काठाने, एकमेकांना चिकटून वाढली. मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत त्यांच्यावर लष्करी छावणीपासून नेमलेल्या प्रशासकापर्यंत बहुतेक सर्व प्रकारचे प्रमुख येऊन गेले. त्या इतिहासावरून मला दिसते ते असे, की नगरपालिकेतला कर्मचारी साहेब कडक आहे की मवाळ याचा अंदाज पहिल्या आठवड्यात घेतो आणि विसरून जातो. साहेब किती दिवस आहेत, आणि गेल्यावर त्यांच्या सहीचे काय होणार, हा हिशेब मात्र तो रोज करतो. त्याची कामगिरी त्या हिशेबावर ठरते.

सुरुवात छावणीपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच कल्याण कॅम्पात आणून वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि नाव उल्हासनगर झाले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतो. या काळात गावाला नगरपालिका नव्हती. कारभार सरकारच्या पुनर्वसन यंत्रणेकडे होता आणि आदेश वरून खाली येत असत. ही हुकमी शैली होती हे उघड आहे. तिच्यातला दुसरा गुण मात्र सहसा नजरेत भरत नाही. छावणीतल्या कर्मचाऱ्याचे काम मोजता येण्याजोगे होते. कोणाला खोली दिली, कोणाचा शिधा नोंदला, कोणाचा दाखला तपासला, याची यादी असे आणि यादी तपासणारा वरिष्ठ एकच असे. त्या कारभारावर निर्वासितांचा राग होता आणि तो रास्तही होता, कारण यादीत नाव नसलेल्या माणसाला दाद मागायला जागा नव्हती. तरीही आपला साहेब कोण, हा प्रश्न त्या कारकुनाला कधी पडला नाही. पुढच्या पन्नास वर्षांत हाच प्रश्न उल्हासनगरच्या कर्मचाऱ्याच्या मानेवर बसला.

त्याचे मूळ जमिनीत आहे, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. निर्वासितांना मिळालेल्या खोल्या, बराकी आणि भूखंड ही सरकारी जमीन. मालकीचा कागद म्हणजे सनद, आणि ती देणारे कार्यालय महसूल खात्याचे, प्रांतांचे. १९६० च्या सुमारास नगरपालिका आली तेव्हा बांधकामाची परवानगी तिच्याकडे गेली, पण जमिनीचे दप्तर प्रांत कार्यालयातच राहिले. म्हणजे ज्या माणसाने बांधकाम वैध की अवैध हे सांगायचे, त्याच्याकडे जमीन कोणाची हे सांगणारा कागद नाही. आणि ज्याच्याकडे कागद आहे, त्याला बांधकामाशी कर्तव्य नाही. बराकीच्या जागी दोन मजले, दोनाच्या जागी पाच, अशी इमारत वाढत जाते तेव्हा खालच्या कर्मचाऱ्याला दोन्ही दारे मोकळी असतात. हे आमच्याकडे नाही, तिकडे विचारा. त्याला यासाठी लबाड असावे लागत नाही. रचनाच त्याच्या तोंडात हे वाक्य घालते. वर कोणत्याही शैलीचा साहेब बसवा, दोन कार्यालयांमधली ही फट त्याच्या शैलीने बुजत नाही. पाण्याची गोष्टही याच वळणाची. उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही, पाणी एमआयडीसीकडून विकत घ्यावे लागते. अंबरनाथ आणि बदलापुरात पाणीपुरवठा जीवन प्राधिकरणाकडे. नळ कोरडा पडला की मोर्चा नगरपालिकेवर येतो, आणि वॉल्व्ह फिरवणारा माणूस दुसऱ्याच कार्यालयाच्या मस्टरवर सही करतो.

नगरपालिकेच्या काळात प्रमुख दोन झाले. १९६५ च्या नगरपालिका कायद्याने निवडून आलेला नगराध्यक्ष आणि सरकारने नेमलेला मुख्याधिकारी अशी जोडी राज्यभर पक्की केली. मुख्याधिकारी प्रशासनाचा प्रमुख, नगराध्यक्ष त्याच्यावर देखरेख करणारा. कागदावर ही वाटणी स्पष्ट आहे, कार्यालयात नाही. शिपायापासून अभियंत्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असते, की मुख्याधिकाऱ्याची बदली होणार आहे आणि नगराध्यक्ष मात्र याच गावात राहणार आहे. आज पदावर नसला तरी उद्या असेल, तो नसेल तर त्याचा भाऊ असेल. अशा वेळी कर्मचाऱ्याची निष्ठा कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उल्हासनगरात नगराध्यक्षपद शहराच्या राजकीय सत्तेचे केंद्र बनले. १९८६ मध्ये नगराध्यक्ष झालेले पप्पू कलानी १९९० मध्ये आमदार झाले, आणि पुढे २०१३ मध्ये एका खून खटल्यात त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या काळाबद्दल गावात आजही दोन मते ऐकू येतात. एक दहशतीचे, दुसरे 'कामे व्हायची' असे. दुसरे मत मी झटकून टाकणार नाही. स्थानिक, कायम राहणाऱ्या माणसाच्या तोंडी आदेशाला सरकारी लेखी आदेशापेक्षा जास्त वजन येते, हे त्यातून दिसते. पण असा आदेश फायलीत नसतो. तो पाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात उद्या दाखवायला काही उरत नाही. म्हणून त्या आदेशाने एखादे गटार होते, पद्धत तयार होत नाही.

अंबरनाथ आणि बदलापूर या काळात वेगळ्याच प्रयोगातून गेली, आणि त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. अंबरनाथ तसे जुने. शिलाहारांच्या काळातले, १०६० सालचे शिवमंदिर तिथे आहे, आणि विसाव्या शतकात काडेपेटीचा विमको कारखाना, रसायनांचे कारखाने, मग संरक्षण खात्याचा कारखाना यांमुळे ते कामगारांचे गाव झाले. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा कल्याण-डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्यात घालण्यात आले. उल्हासनगर मधोमध असूनही बाहेर राहिले. नकाशाकडे नुसते पाहिले तरी यातली गंमत कळते: मुख्यालय कल्याणला, कर्मचारी बदलापूरला, आणि मध्ये दुसऱ्याच नगरपालिकेचे गाव. शिवाय या महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९९५ साल उजाडले. तोवर कारभार प्रशासकाकडे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर १९९२ मध्ये त्यातून बाहेर पडली आणि त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. म्हणजे तब्बल नऊ वर्षे या दोन गावांना ना आपला नगराध्यक्ष होता ना आपला नगरसेवक. जो प्रमुख होता तो सर्वाधिकारी, पण दूरचा. 'राजकीय हस्तक्षेप नसेल तर प्रशासन सरळ चालते' असे मानणाऱ्यांना याहून शुद्ध प्रयोग मिळणे कठीण. तो यशस्वी ठरला असता, तर दोन्ही गावांनी बाहेर पडण्यासाठी जोर धरला नसता. आयुक्ताची शैली काय होती याने बदलापूरच्या माणसाला फरक पडत नव्हता. फाईल कल्याणला जाते आणि तिथून परत येत नाही, एवढेच त्याला दिसत होते. आणि स्थानिक कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला 'वर पाठवले आहे' हे उत्तर आयते मिळाले होते.

एकहाती अधिकाराची कल्पना मुळात आली कुठून, हे इथे सांगायला हवे, कारण ती नोकरशाहीने लादलेली आहे असा सर्रास समज आहे. मुंबईत १८६५ ते १८७१ या काळात आर्थर क्रॉफर्ड आयुक्त होते. त्यांनी बाजार बांधला, गटारे काढली, आणि खर्च इतका केला की करदाते खवळले. आयुक्ताचे पदच काढून कारभार समितीकडे द्या, अशी मागणी जोरात आली. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहता यांनी १८७१ मध्ये लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. अंमलबजावणी एकाच जबाबदार माणसाच्या हातात हवी, समितीच्या हातात दिली तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही. पण त्या माणसावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा वचक हवा आणि पैशाच्या चाव्या सभेकडे हव्यात. १८८८ च्या मुंबई कायद्यात हा विचार उतरला, तिथून तो १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात आला. त्या कायद्याचे कलम ६७ आजही कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे देते. मेहतांनी दोन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या, एकहाती अधिकार आणि रोजचा हिशेब. आपण पहिली उचलली आणि दुसरीच्या जागी बदली आणून बसवली. आयुक्त आवडला नाही की त्याला प्रश्न विचारण्याऐवजी त्याची बदली करून घ्यायची, ही आपली पद्धत झाली. वचक सभेचा न राहता मंत्रालयाचा झाला, आणि हे सगळ्यात आधी कळले ते खालच्या कर्मचाऱ्याला.

उल्हासनगर १९९६ मध्ये महानगरपालिका झाले आणि कलम ६७ चा आयुक्त तिथेही आला. त्यानंतरच्या दहा वर्षांत कर्मचाऱ्यांनी जो धडा घेतला तो कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळाला नसता. बेकायदा इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, ८५५ इमारतींचा आकडा गाजला, त्या पाडण्याचे आदेश झाले आणि २००५ मध्ये हातोडे पडू लागले. शहर पेटून उठले, कारण त्या इमारतींत साधी कुटुंबे राहत होती, पैसे मोजून घर घेतलेली. मग सरकार मध्ये पडले आणि २००६ मध्ये केवळ उल्हासनगरसाठी म्हणून बेकायदा बांधकामे नियमित करण्याचा कायदा आला. त्या कुटुंबांना बेघर करणे हा उपाय नव्हता, त्यामुळे त्या कायद्याचा हेतू मी दोषी धरत नाही. प्रश्न त्याने कर्मचाऱ्याला काय शिकवले हा आहे. बेकायदा बांधकामाची कारवाई जवळून पाहिली तर ती अशी चालते. बीट मुकादमाला गल्लीत विटा आणि सळ्या दिसतात. तो प्रभाग कार्यालयाला कळवतो. कलम २६० ची नोटीस निघते, कधी नगररचना कायद्याखाली गुन्हा दाखल करण्याची टिपणी तयार होते. मालक खुलासा देतो, सनद दाखवतो, न्यायालयात धाव घेतो. मग पोलीस बंदोबस्ताचे पत्र, जेसीबीची मागणी, आणि शेवटी पंचनामा. या सगळ्या कागदांवर साहेबाची सही एखाद्या ठिकाणी असते. मुकादम आणि कनिष्ठ अभियंत्याचे नाव मात्र जवळजवळ प्रत्येक पानावर असते. तेच त्या वस्तीत राहतात, त्यांचीच मुले त्या शाळेत जातात. सहा-आठ महिने चालणाऱ्या या प्रक्रियेच्या मध्यावर ज्या आयुक्ताने 'पाडा' म्हटले तो बदलला, किंवा पाडलेलेच पुढे नियमित झाले, तर पंचनाम्यावर सही करणारा माणूस गल्लीत एकटा उरतो. दुसऱ्यांदा त्याला विटा दिसतील तेव्हा तो मान दुसरीकडे वळवेल. त्याला कामचुकार म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी बसलेल्या शहाण्या माणसाने वेगळे काय केले असते, हे कोणी सांगत नाही. २०२१ च्या मे महिन्यात त्याच शहरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून बारा जणांचा जीव गेला, तेव्हा नव्वदच्या दशकातल्या बांधकामांची फाईल पुन्हा उघडली. ती बांधकामे झाली तेव्हा खुर्चीत असलेले साहेब केव्हाच निघून गेले होते.

आता शैलीच्या शास्त्राकडे वळू. नेतृत्वाच्या तीन शैली, हुकमी, लोकशाही आणि मोकाट सोडणारी, ही विभागणी कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दहा-दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगातून आली. तो १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गट मुखवटे बनवत होते, आणि प्रत्येक गटाचा मोठा माणूस वेगळ्या रीतीने वागत होता. आपल्याकडे बी.ए.च्या पाठ्यपुस्तकात एवढेच सांगतात की लोकशाही शैली चांगली. त्या प्रयोगातला खरा मासला पुढे आहे. प्रयोगकर्त्यांनी मोठ्या माणसाला मुद्दाम खोलीबाहेर पाठवले. हुकमी नेत्याच्या गटातले काम तिथेच ढेपाळले. लोकशाही गटातले जवळजवळ तसेच चालू राहिले. उल्हासनगरच्या आयुक्तपदाची कथा याच निरीक्षणात आहे. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत त्या खुर्चीत सुधाकर देशमुख, समीर उन्हाळे, राजा दयानिधी, अजीज शेख, विकास ढाकणे आणि मनीषा आव्हाळे अशी सहा नावे झाली. यात कोणी वाईट होते असे मला म्हणायचे नाही. काहींना दोन वर्षे तरी मिळाली, काहींना काही आठवडेच. पण लेविनच्या मुलांचा मोठा माणूस थोड्या वेळापुरता बाहेर गेला होता, इथला सारखाच बाहेर जात असतो. अशा ठिकाणी हुकमी शैली प्रत्येक बदलीबरोबर शून्यावर येते, आणि लोकशाही शैलीला मुळात रुजायलाच वेळ मिळत नाही, कारण कर्मचाऱ्याला विश्वासात घ्यायला महिने लागतात. उरते ती तिसरी, मोकाट. ती कोणी निवडलेली नसते. दोन साहेबांच्या मधल्या काळात ती आपोआप चालू असते आणि कर्मचाऱ्यांच्या सवयी तिच्यातच घडतात.

यावर एक ठोस आक्षेप येईल, आणि तो याच गावातून येईल. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने सर्व कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम राबवला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रारींचा निपटारा, कार्यालयातल्या सोयी, क्षेत्रभेटी अशा मुद्द्यांवर भारतीय गुणवत्ता परिषदेने गुण दिले, आणि १ मे रोजी निकाल लागला तेव्हा महापालिकांमध्ये उल्हासनगर ८६.२९ गुण मिळवून राज्यात पहिले आले. पिंपरी-चिंचवड दुसरे. आयुक्त मनीषा आव्हाळे त्या पदावर येऊन तेव्हा अर्धे वर्षही झाले नव्हते. ज्या महापालिकेची चेष्टा होत आली, तिच्याच त्याच कर्मचाऱ्यांनी, त्याच अपुऱ्या आकृतीबंधात, तीन महिन्यांत पिंपरी-चिंचवडला मागे टाकले. मग मुक्कामाचा मुद्दा कुठे राहिला? हे यश खरे आहे, आणि ते कमी लेखण्यात अर्थ नाही. किंबहुना हे कर्मचारी काम करू शकत नाहीत, हा गैरसमज त्याने कायमचा मोडला. पण काय मोजले गेले ते पाहावे. संकेतस्थळ अद्ययावत करणे, जुनी दप्तरे लावणे, अभ्यागतांना बसायला जागा करणे, आलेल्या तक्रारीला मुदतीत उत्तर देणे ही सगळी कामे आयुक्ताच्या स्वतःच्या सहीने सुरू होतात आणि १०० दिवसांत संपतात. त्यांना प्रांताची सनद लागत नाही, एमआयडीसीचे पाणी लागत नाही, पोलिसांचा बंदोबस्त लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, मुदत जाहीर होती. १०० दिवस हाच साहेब राहणार, याच तारखेला मोजणी होणार, हे शिपायालाही ठाऊक होते. माझ्या म्हणण्याला हा अपवाद ठरत नाही, उलट त्याचा हा उत्तम पुरावा आहे. मुक्काम निश्चित असला की कर्मचारी कसे काम करतात, ते उल्हासनगरने राज्याला दाखवून दिले. इमारतीची कारवाई मात्र १०० दिवसांत बसत नाही.

कार्यालयाचे काम असे सुधारल्याचे उदाहरण महाराष्ट्रात याआधीही आहे. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या कागदांची मांडणी बदलली. सहा गठ्ठे पद्धत ही त्यातलीच. 'लखिना पॅटर्न' हे नाव निवृत्त कारकून अजून आदराने घेतात. त्याचे यश लखिनांच्या करड्या शिस्तीत होते असे सांगितले जाते. मला वाटते, ते गठ्ठ्यांत होते. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात बांधायचा हे एकदा ठरले की साहेब बदलला तरी कपाट तसेच राहते. व्यक्तीची शैली वस्तूत उतरली, तेवढीच टिकली. नगरपालिकांत ही पद्धत का रुजत नाही, याचे एक कारण वरच्या आणि खालच्या मुक्कामातले अंतर हे आहे. महापालिकेचा तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतला कर्मचारी त्याच शहरात लागतो आणि तिथूनच निवृत्त होतो. वरचा माणूस पाहुणा आणि खालचा घरचा, अशी स्थिती असेल तर घरात काय कुठे ठेवले आहे हे पाहुण्याला घरच्यालाच विचारावे लागते. ज्या मुख्य लिपिकाने सात आयुक्त पाहिले, त्याच्याइतकी माहिती आठव्या आयुक्ताकडे दोन वर्षांनीही नसते. माहिती ज्याच्याकडे, सत्ता त्याच्याकडे. अशा कार्यालयात 'नेता' शोधायचा असेल तर तो केबिनमध्ये सापडत नाही.

इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो. अधिकाऱ्याला जास्त काळ ठेवले तर तो सुस्तावेल, ठेकेदारांशी त्याचे संबंध जुळतील, म्हणून तर बदल्या हव्यात. भीती खोटी नाही. पण लागेबांधे रोखायला बदल्या करतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ते खालच्या पातळीवर आधीच जुळलेले असतात आणि लवकर जाणारा साहेब त्यांना मोडू शकत नाही, फक्त त्यांच्या मार्गात येत नाही. राज्याने २००५ मध्ये बदल्यांच्या विनियमनाचा आणि दिरंगाईला आळा घालण्याचा कायदा केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यामागे रेटा होता. साधारण तीन वर्षांचा पदावधी आणि फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर पडू न देण्याचे बंधन, या दोन्ही गोष्टी त्या एकाच कायद्यात आहेत. त्या शेजारी-शेजारी ठेवणाऱ्यांना दोन्हीतला संबंध नेमका कळला होता. बदली लवकर होणार असेल तर फाईल अडवून ठेवणे हाच शहाणपणा ठरतो. सात दिवसांचा नियम कर्मचाऱ्यासाठी आणि तीन वर्षांचा अधिकाऱ्यासाठी. पैकी पहिला मोडला तर नोटीस निघते. दुसरा मोडला तर 'प्रशासकीय कारण' एवढे दोन शब्द पुरतात.

तिसरा आक्षेप साधा आणि जड आहे: पैसा नाही, माणसे नाहीत, तिथे नेतृत्व काय करणार? नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, महापालिकांची त्यानंतर, आणि तेव्हापासून पगाराची तारीखसुद्धा शासनाच्या अनुदानावर अवलंबून राहिली. साफसफाईचे मोठे काम ठेकेदाराकडे गेले. ठेक्यावरच्या सफाई कामगाराचा साहेब ठेकेदाराचा मुकादम असतो. आयुक्त लोकशाहीवादी आहे की हुकमी, हे त्याला कधी कळत नाही आणि कळून उपयोगही नाही. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि तो शैलीवाद्यांच्या विरुद्धच जातो. त्याच शहरातल्या माणसांनी १०० दिवसांत काय केले ते वर आलेच आहे. माणसे कमी असणे हे मंद कामाचे कारण आहे, काम मध्येच सोडण्याचे नाही.

करोनाच्या साथीमुळे आणि नंतर आरक्षणाच्या खटल्यामुळे निवडणुका रखडल्या, आणि अंबरनाथ-बदलापुरात २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत, उल्हासनगरात २०२२ पासून, प्रशासकांचे राज्य होते. १९८३ ते १९९२ चा तो जुना प्रयोग पुन्हा झाला, या वेळी मुख्यालय गावातच होते एवढाच फरक. नगरसेवक मध्ये नसल्यामुळे काही कामे सरळ झाली असतील. पण ज्या बाईच्या गल्लीतला दिवा बंद आहे तिला नगरसेवकाचे घर ठाऊक असते, प्रशासकाची केबिन नसते. नगरसेवकाचा त्रास कर्मचाऱ्याला असतोच, पण काम अर्धवट राहिले तर पाच वर्षे मागे लागणारा माणूसही तोच असतो. मेहतांनी १८७१ मध्ये सभेचा वचक मागितला तो यासाठीच. प्रशासकाच्या काळात कर्मचाऱ्याला एकच साहेब मिळाला हे खरे, मात्र त्या साहेबाला सभागृहात जाब विचारणारा कोणी उरला नाही.

आता तिन्ही गावांत सभागृहे पुन्हा भरली आहेत. आयुक्त किंवा मुख्याधिकारी कडक हवा, आपल्या ऐकण्यातला हवा, असल्या मागण्या सुरू होण्याआधी नव्या नगरसेवकांनी पहिल्या काही सभांत दोन ठराव करून शासनाकडे पाठवावेत. एक, २००५ च्या कायद्याप्रमाणे आमच्या प्रशासनप्रमुखाला तीन वर्षे द्या, आणि मध्येच हलवायचे झाल्यास त्याची कारणे आमच्या सभेपुढे लेखी ठेवा. दुसरा उल्हासनगरपुरता: सनदेचे दप्तर आणि बांधकाम परवानगी एका छताखाली आणा. नागरिकांनी मतदान करताना या दोन्हींचा उल्लेख केला नसेल. आता प्रभागातल्या सभेत, नगरसेवकाच्या दारात, तो त्यांनी करावा.